दीड लाखाचा मॉनिटर घेऊ का, दादा?

*दादा, मी नाशिकला घरून डिझायनिंग करते. द्राक्षाचे एक्सपोर्ट बॉक्स, मसाल्याची पाकिटं, मध्येच एखादं पुस्तकाचं कव्हर, दिवाळी अंकाची पानं. मॅकबुक एअर एम२ आहे आणि त्याला कॉलेजपासूनचा २४ इंची फुल एचडी मॉनिटर जोडलाय. आता ॲपलचा २०२२ चा स्टुडिओ डिस्प्ले घ्यायचं डोक्यात आहे, १ लाख ५९ हजार ९००. बाबा म्हणतात ५५ इंची टीव्ही ४० हजारात येतो आणि तू २७ इंचाला दीड लाख घालणार? भाऊ म्हणतो तेवढ्यात ओएलईडी गेमिंग मॉनिटर घे. मावसभाऊ सनीव्हेलहून डिसेंबरमध्ये येतोय, तो म्हणतो तिकडून आणतो, स्वस्त पडेल. मला महिन्याला ५५-६० हजार सुटतात, नो कॉस्ट ईएमआयवर १२ महिन्यांत फेडीन. बॉक्सवाल्यांनी मागितला म्हणून जीएसटी नंबर काढलाय. मेन कारण म्हणजे गेल्या सीझनला एका बॉक्सचा जांभळा एवढा काळपट छापून आला की क्लायंटने निम्मे पैसे कापले. म्हणून वाटतं एकदाच काय ती चांगली वस्तू घ्यावी. घेऊ का?*
*— जांभळ्यात अडकलेली, नाशिक*

आत्ता नको घेऊस. वस्तू वाईट आहे म्हणून म्हणत नाहीये, वस्तू एक नंबर आहे, पण तू ज्या कारणासाठी घ्यायला निघालीयस ते कारण मॉनिटरमध्ये नाहीच आहे, आणि दीड लाख घालून पुढच्या सीझनला जांभळा परत काळपट आला तर तू त्या मॉनिटरलाही शिव्या देशील आणि मलाही. त्यामुळे आधी जांभळ्याचं बघू, पैशांचं नंतर.

बॉक्स नक्की कशावर छापला ते तू लिहिलं नाहीस, आणि सगळं घोडं तिथेच अडलंय. साध्या कोरुगेटेड बॉक्सवर फ्लेक्सोने, म्हणजे रबरी ठशांनी, छापलं असेल, म्हणजे तपकिरी क्राफ्टवर थेट दोन-तीन रंग, तर तुझ्या स्क्रीनवर तो जांभळा पांढऱ्याशुभ्र आर्टबोर्डवर होता आणि छापताना तपकिरी कागदावर बसला, वर तो कागद शाई पितो, मग मळकट दिसणारच ना, त्याला कुठलाच मॉनिटर वाचवू शकत नाही. अशा कामात रंग स्क्रीनवर ठरवायचाच नसतो. पॅन्टोनचं शेडकार्ड (प्रत्येक रंगाला ठरलेला नंबर असलेलं), तेही अनकोटेडवालं, म्हणजे बिनचकचकीत कागदाचं, हातात घेऊन नंबर ठरवायचा आणि बॉक्सवाल्याला सांगायचं की शाई मिसळलीस की ह्याच क्राफ्टच्या तुकड्यावर ओढून दाखव, आणि सुकल्यावर दाखव. ओला रंग आणि सुकलेला रंग यात किती फरक पडतो ते कुठल्याही मशीनमनला विचार.

पांढऱ्या डुप्लेक्स पुठ्ठ्यावर ऑफसेटने छापून मग चिकटवलं असेल तर गोष्ट थोडी वेगळी. तिथे सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा अशी चार रंगांची छपाई, आणि जांभळा हा त्या चारांतून काढायला सगळ्यात खोडकर. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, लाल आणि निळा उजेड मिसळून ती जो भडक जांभळा दाखवते तो सायन-मॅजेंटाच्या शाईतून निघतच नाही, शाईच्या आवाक्याबाहेरचा आहे तो. तू फाइल आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात, ठेवून शेवटी पीडीएफ काढताना सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, केलीस का? माझा अंदाज हो असाच आहे, बहुतेक जण तेच करतात. प्रेसवाल्याकडून त्यांचं आयसीसी प्रोफाइल माग (त्यांच्या शाई-कागदावर रंग कसा उतरतो ते सांगणारी फाइल), नसेल त्यांच्याकडे तर कोटेड कागदाचं एखादं स्टँडर्ड प्रोफाइल घे, फोग्रा३९ चालेल, आणि प्रूफ कलर्स ऑन करून काम कर, म्हणजे छापल्यावर जसं दिसेल तसं स्क्रीनवर दिसतं. ऑन केल्या केल्या तो सुंदर जांभळा डोळ्यासमोर मरेल. मरू दे. दहा हजार बॉक्स छापून झाल्यावर कळण्यापेक्षा ते बरं.

आता यातली गंमत बघ. तुझा जुना २४ इंची मॉनिटर फार तर एसआरजीबीएवढे, म्हणजे साध्या स्क्रीनच्या ठरलेल्या पट्ट्याएवढे, रंग दाखवत असेल. स्टुडिओ डिस्प्ले पी३ दाखवतो, म्हणजे त्याच्याहून बरेच जास्त भडक रंग. म्हणजे प्रूफ ऑन न करता जर तू त्याच्यावर काम करत बसलीस तर तुझा जांभळा आणखी झळझळीत दिसेल आणि छापील बॉक्स त्याच्यापुढे आणखी मेल्यासारखा दिसेल. महाग मॉनिटरने फरक कमी होईल असं तुला वाटतंय, तो वाढू शकतो.

आणि काळपट हा जो शब्द तू वापरलायस ना त्याच्यामागे बऱ्याचदा ब्राइटनेस असतो. मॉनिटर कारखान्यातून येतो तोच डोळे दिपवायला, तीनशे-साडेतीनशे निट्सवर (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप), दुकानात उठून दिसावा म्हणून. आपण तो तसाच वापरतो. कागद तर काही उजेड देत नाही, त्याच्यावर पडेल तेवढाच परत देतो. छपाईचं काम करणाऱ्याने स्क्रीन १०० ते १२० निट्सच्या आसपास ठेवायची असते, आणि पहिले दोन-तीन दिवस ती इतकी मंद वाटते की बिघडलाय की काय असं वाटतं, मग डोळे सरावतात. हे आजच कर, फुकट आहे. मॉनिटरशेजारी कोरा पांढरा कागद धर, खोलीतला नेहमीचा दिवा लावून, आणि स्क्रीनवरचं पांढरं त्या कागदाएवढंच पांढरं दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आण. कॅलिब्रेटरची, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जागेवर आणणाऱ्या यंत्राची, सर त्याला येणार नाही पण निम्मी तक्रार इथेच मिटेल.

उरलेली निम्मी क्लायंटच्या फोनमध्ये आहे. तू आर्टवर्क व्हॉट्सॲपवर पाठवतेस, तो ते ओएलईडी फोनवर व्हिव्हिड मोडमध्ये द्राक्षाच्या बागेत उन्हात उभं राहून बघतो आणि लिहितो 'ओके ताई'. मग तोच फोन बॉक्सशेजारी धरून म्हणतो रंग वेगळा आला. इथे तू काय वापरतेस याला अर्थच राहत नाही. छापील प्रूफ काढून त्याची सही घे, तारखेसकट. शंभर-दोनशे रुपयांचा प्रूफ आणि कुरियर, निम्मे पैसे कापले जाण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त.

हां, आता मॉनिटर. तुला नवीन मॉनिटर हवा हे मात्र शंभर टक्के खरं, आणि त्याचं कारण रंग नाही, अक्षरं.

२४ इंची फुल एचडी म्हणजे इंचाला साधारण ९२ पिक्सेल. नॉर्मल नजरेच्या माणसाला ६० सेंटीमीटरवरून, म्हणजे आपण मॉनिटरपासून जेवढं लांब बसतो तेवढ्यावरून, पिक्सेल वेगळे दिसेनासे व्हायला इंचाला साधारण १४५ लागतात. म्हणजे तू आत्ता त्याच्या बरीच खाली आहेस. इंग्रजी मजकुरात ते खपून जातं, पण आपल्या अक्षरांना वर रफार, खाली उकार, शिरोरेघेवर अनुस्वार, मध्ये जोडाक्षराची दाटी. दिवाळी अंकाचं पान ९ पॉइंटात लावलेलं पूर्ण पान स्क्रीनवर बसवून बघ, 'र्कृ'सारखं काही आलं की नुसता डाग दिसतो, आणि मग तू दिवसभर झूम इन झूम आऊट करत बसतेस आणि रात्री डोकं धरून बसतेस. पत्रात डोळ्यांचं काही लिहिलं नाहीयेस पण असणार, मला माहितेय.

२७ इंचात ४के घेतलास तर इंचाला १६३ पिक्सेल येतात. म्हणजे ती १४५ची रेघ ओलांडली. स्टुडिओ डिस्प्ले २७ इंचात ५के देतो, म्हणजे ५१२० गुणिले २८८०, इंचाला २१८. तेही ओलांडलं, अजून पुढे. प्रश्न एवढाच की ९२ वरून १६३ वर जाताना जो फरक दिसतो तेवढाच १६३ वरून २१८ वर जाताना दिसतो का. नाही दिसत. दिसतो थोडा, तरुण डोळ्यांना आणि मॅकवर जास्त, कारण मॅकओएसला बरोबर दुपटीचं गणित आवडतं. ५के वर २५६० गुणिले १४४० एवढी जागा मिळते आणि प्रत्येक गोष्ट बरोब्बर दुप्पट बारकाईने काढली जाते. ४के वर तेवढीच जागा घ्यायची तर मॅक आधी आत ५के चं चित्र काढतो आणि मग ते ४के त दाबून बसवतो, त्यात अक्षरांच्या कडा अगदी किंचित मऊ होतात. शेजारी शेजारी ठेवले तर कळतं. एकटाच समोर असला तर मला विचारशील तर नाही कळत, आणि विंडोजवाल्यांना तर हा प्रश्नच पडत नाही.

आणि ह्या शेवटच्या पायरीचेच बहुतेक पैसे आहेत बघ. २७ इंची ५के पॅनेल जगात मोजके मॉनिटर वापरतात, ४के चे पॅनेल ढिगाने बनतात, त्यामुळे त्याचे भाव पडत गेले आणि ह्याचे बरीच वर्षं पडले नाहीत. आकार आणि रिझोल्युशन तर काही नवीन नाही, २०१४ च्या ५के आयमॅकमध्ये हेच होतं, अख्ख्या कॉम्प्युटरसकट २,४९९ डॉलरला. मग २०१६ ला एलजीने १,२९९ डॉलरला नुसता मॉनिटर काढला, २०२२ ला स्टुडिओ डिस्प्ले १,५९९ ला आला, २०२३ ला सॅमसंगने तोच भाव लावला. आणि २०२४ ला आसुसने प्रोआर्टमध्ये २७ इंची ५के काढला, ७९९ डॉलरला. म्हणजे निम्म्याने. त्याची बॉडी प्लास्टिकची आहे आणि त्याच्यात ती ॲल्युमिनियमची ऐट नाही, पण पिक्सेल तेवढेच. मी वर 'आत्ता नको' म्हटलं त्याचं एक कारण हे. ह्या मालाचा भाव २०२४ पासून हलायला लागलाय.

(कुणी जुना २७ इंची ५के आयमॅक मॉनिटर म्हणून वापर असं सांगत आला तर त्याला चहा पाजून परत पाठव, तो केबलने मॉनिटर म्हणून जोडताच येत नाही.)

बाकीचे पैसे कशाचे? ६०० निट्स ब्राइटनेस, जो तू १२० वर चालवणार आहेस. सहा स्पीकर, चांगले आहेत खरंच. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा. आत आयफोन ११ मधली ए१३ चिप, मॉनिटरमध्ये. ९६ वॉटचं चार्जिंग, हे मात्र कामाचं, एका केबलवर लॅपटॉप चार्जही होतो आणि चित्रही जातं. पण ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, लोकल डिमिंग (चित्राच्या काळ्या भागामागचाच उजेड कमी करणं) नाही, एचडीएमआय नाही, आणि साध्या स्टँडवर उंची कमी-जास्त होत नाही, नुसता मागे-पुढे कलतो. उंचीवाला स्टँड हवा तर ४०० डॉलर वेगळे. दीड लाखाच्या मॉनिटरखाली जुने दिवाळी अंक रचून उंची जमवायची हे मला तरी पटत नाही.

स्टँडवरून आठवलं, २०१९ ला ॲपलने प्रो डिस्प्ले एक्सडीआर दाखवला होता, ४,९९९ डॉलरचा, आणि स्टँड वेगळा ९९९ डॉलरचा, तेव्हा समोर बसलेल्या लोकांमध्ये कुजबुज झाली होती आणि पुढे कित्येक महिने त्याच्यावर जोक चालले. पण त्याच कार्यक्रमात त्यांनी त्याची तुलना ४३,००० डॉलरच्या रेफरन्स मॉनिटरशी केली होती, तो सिनेमाचं कलर ग्रेडिंग करणाऱ्या स्टुडिओत असतो. तो एक मॉनिटर घ्यायच्या ऐवजी ज्याचं काम ह्याच्यावर भागलं त्याच्यासाठी पाच हजार डॉलर म्हणजे फुकट. सगळ्यांचं भागलं असं नाही, ग्रेडिंगवाले लोक त्याच्या ५७६ डिमिंग झोनवरून नाकं मुरडतच होते. पण महाग की स्वस्त हे असं ठरतं, त्याच्या जागी तू एरवी काय घेतलं असतंस त्यावरून. तुझ्या जागी दुसरा पर्याय ४३ हजार डॉलरचा नाहीये, ४५ हजार रुपयांचा आहे.

बाबांचं म्हणणं झटकून टाकू नकोस, प्रश्न बरोबर आहे त्यांचा, उत्तर फक्त माहीत नाही. ५५ इंची ४के टीव्हीत पिक्सेल २७ इंची ४के मॉनिटरएवढेच, ८२ लाख ९४ हजार ४००, पण ते एवढ्या मोठ्या काचेवर पसरलेले, इंचाला ८०. तुझ्या जुन्या मॉनिटरपेक्षाही कमी. तो तीन मीटरवरून बघायचा असतो, साठ सेंटीमीटरवरून नाही. शिवाय टीव्ही लाखोंनी खपतो, त्याच्या मेनूत जाहिराती आणि ॲप दाखवून कंपनी नंतरही कमावते, म्हणून तो स्वस्तात देणं परवडतं. मॉनिटरच्या डब्यात नंतर कमवायला काही नसतं, जे काय घ्यायचं ते पहिल्या दिवशीच घेतात. बाबांना आकडे दाखव, इंचाला ८० आणि इंचाला १६३, हिशेबी माणूस असेल तर पटेल.

भावाचं मात्र ऐकू नकोस. ओएलईडी गेमिंगला आणि सिनेमाला स्वर्ग आहे, काळा म्हणजे काळाच. पण तुझ्या स्क्रीनवर दिवसाचे आठ तास डावीकडे टूलबार, उजवीकडे लेयरची पट्टी, वर मेनू, सगळं एका जागी गोठलेलं, आणि ओएलईडीत असंच गोठलेलं चित्र कालांतराने कायमचं उमटतं. काही कंपन्या आता बर्न-इनवर तीन वर्षांची वॉरंटी देतात, ती देतात यातच काय ते समज. शिवाय क्यूडी-ओएलईडी नावाच्या प्रकारात बहुतेक लाल-हिरवे-निळे ठिपके ओळीत नसतात, त्रिकोणात असतात, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत झाक दिसते. तू दिवसभर अक्षरंच बघणार. २४० हर्ट्झने मसाल्याचं पाकीट लवकर डिझाइन होत नाही.

आणि दुकानात एचडीआर ४०० चा स्टिकर दाखवून पाच हजार जास्त मागितले तर हसून पुढे जा. वेसाचं, म्हणजे डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, ते सर्टिफिकेट खरं आहे, पण ४०० च्या पायरीला लोकल डिमिंगची अटच नाही, म्हणजे साध्या मॉनिटरवर थोडा जास्त उजेड आणि एक स्टिकर.

मावसभावाचा हिशेब. १,५९९ डॉलर हा टॅक्सशिवायचा भाव असतो, सनीव्हेलला वर ९ टक्क्यांहून जास्त सेल्स टॅक्स लागतो, म्हणजे झाले १,७४५ च्या आसपास. डॉलर ८५ धरलास तरी १ लाख ४८ हजार. आणि इथल्या १,५९,९०० मध्ये १८ टक्के जीएसटी आत आहे, तो २४,३९१ रुपये होतो, आणि तुझ्याकडे नंबर आहे म्हटल्यावर धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचं ते क्रेडिट तुला मिळतं, कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत, नसलीस तर. म्हणजे इथे तुझ्या खिशातून जातात साधारण १ लाख साडेपस्तीस हजार. अमेरिकेचाच महाग पडला की! वर २७ इंची काचेचा खोका विमानाच्या पोटात टाकायचा, कस्टमला उत्तरं द्यायची, आणि मॉनिटरची वॉरंटी पुष्कळ कंपन्या देशापुरतीच ठेवतात. मावसभावाला म्हणावं बदाम आण.

ईएमआयचं दोन ओळीत सांगतो. महिन्याला १३,३२५, म्हणजे तुझ्या कमाईचा जवळजवळ पाव हिस्सा. नो कॉस्ट म्हणतात पण व्याज आत असतंच, तेवढी सूट देऊन ते झाकतात, आणि त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुझ्याच माथी. आणि खरा मुद्दा हा की एप्रिल सरला की द्राक्षाच्या बॉक्सचं काम बसतं, ईएमआय बसत नाही.

मग घ्यायचं काय. २७ इंची, ४के, आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी रंग फारसा न बदलणारं), यूएसबी-सीवर निदान ६५ वॉटचं चार्जिंग देणारा, उंची कमी-जास्त होणारा आणि फिरवून उभा करता येणारा, कारण पुस्तकाचं पान उभं असतं. डेल, बेनक्यू, एलजी सगळ्यांकडे आहेत, ३० ते ५५ हजारांच्या पट्ट्यात. मी तुझ्या जागी असतो तर वरच्या अंगाचा घेतला असता, पन्नासच्या आसपासचा, आणि त्यातही डेलच्या अल्ट्राशार्पकडे आधी बघितलं असतं, रंगांमुळे नाही, वॉरंटीमुळे. तीन वर्षांत एक जरी चमकणारा पिक्सेल निघाला तरी पॅनेल बदलून देतात असं त्यांचं लेखी आहे. बाकी बऱ्याच कंपन्या दोन-चार पिक्सेल गेले तर 'मर्यादेत आहे' म्हणून परत पाठवतात, आणि वॉरंटी संपल्यावर पॅनेल बदलायचं म्हणजे नवीन मॉनिटरएवढाच खर्च, कुणी दुरुस्त करत नाही. ५० हजाराच्या बिलातले ७,६२७ जीएसटीचे परत, म्हणजे पडला ४२ हजारांना.

राहिलेल्यातून एक कॅलिब्रेटर. कॅलिब्राइट नाहीतर स्पायडर, १५ ते २५ हजारांत. हे ऐकून तोंड वाकडं करू नकोस, कारण कितीही भारी मॉनिटर घेतलास तरी वर्ष-सहा महिन्यांत त्याचे रंग सरकतात, आणि साधा मॉनिटर महिन्याला कॅलिब्रेट केलेला असेल तर तो न केलेल्या भारी मॉनिटरपेक्षा छपाईच्या कामाला बरा. एकटीला परवडत नसेल तर ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे विचार, त्याच्याकडे असतो आणि महिन्यातले एकोणतीस दिवस कपाटात पडून असतो. टेबलावर एक ५००० केल्विनचा चांगला दिवा लाव, पिवळ्या बल्बखाली प्रूफ बघून 'लाल जास्त आलाय' म्हणणारे डिझायनर मी पुष्कळ बघितलेत.

स्टुडिओ डिस्प्ले कधीच घेऊ नको असं नाही म्हणत. मुंबईला बीकेसीच्या ॲपल स्टोअरला कधी गेलीस तर स्वतःचं ९ पॉइंटाचं मराठी पान तिथे उघडून बघ, ५के चा फरक तुझ्या डोळ्यांना खरंच ठळक दिसला, आणि पैसे ईएमआयशिवाय बाजूला पडलेले असले, तर घे, मॉनिटर सात-आठ वर्षं सहज चालतो, तेवढ्यात तू दोन लॅपटॉप बदलशील. आवडला म्हणून घेतला हेही कारण चालतं, फक्त ते जांभळ्याच्या नावावर खपवू नकोस. आणि उद्या आर्ट बुक, चित्रांचे कॅटलॉग असलं काम यायला लागलं जिथे रंगावरच पैसे मिळतात, तर मग ॲपल नाही, जपानच्या आयझोकडे बघ, त्यांच्या काही कलरएज मॉडेलमध्ये कॅलिब्रेशनचा सेन्सर आतच बसवलेला असतो आणि वॉरंटी ५ वर्षांची. ते लोक हेच काम करतात.

घेताना दोन गोष्टी. बिलावर तुझ्या फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर आधीच टाकून घे, ऑनलाइन असेल तर ऑर्डर करतानाच, नंतर बदलून द्यायला कुणी तयार नसतं. आणि खोका उघडताना व्हिडिओ काढ, चालू केल्यावर पूर्ण स्क्रीन काळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी अशी एकेक करून अंधारात बघ, परतीची मुदत संपायच्या आत.

जुना २४ इंची शेजारी दुसरा म्हणून लावायचा बेत असेल तर तो होणार नाही, एम२ एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. विकून फार तर दोन-तीन हजार येतील, त्यापेक्षा भावाला दे, गेमिंगला.